परसाकडे, संडास आणि शौच : सीमाभागात कोणते वाक्य कोठे बोलावे

मलविसर्जन म्हणजे अन्नाचे पचन झाल्यावर उरलेला टाकाऊ भाग गुदद्वारावाटे शरीराबाहेर टाकण्याची क्रिया. ही क्रिया प्रत्येकाच्या रोजच्या जगण्यात असली, तरी तिच्यासाठी मराठीत असा एकही शब्द नाही, की जो माजघरात, शाळेच्या वर्गात, दवाखान्यात आणि नगरपालिकेला द्यावयाच्या अर्जात सारख्याच निर्धास्तपणे उच्चारता येईल. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यात ही अडचण थोडी अधिक जाणवते, कारण येथील मराठी माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात मराठी आणि कन्नड यांची सरमिसळ करतो, मोठ्या रुग्णालयात त्याला कन्नड, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून प्रश्न विचारले जातात, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्याला जोडला गेल्यापासून सरकारी फलक व अर्ज मुख्यतः कन्नडमध्ये असतात. पोटाच्या साध्या तक्रारीचे वाक्य त्यामुळे जागोजागी वेगळे बोलावे लागते, आणि ते भलत्या ठिकाणी भलतेच बोलले गेले, तर कोठे हसू होते, कोठे अपमान होतो आणि कोठे औषधच चुकते.

या विषयावर सल्ला देणारे बहुधा सभ्य शब्दांची यादी देऊन थांबतात. यादीचा उपयोग मर्यादित असतो, कारण अशा वाक्यातील नाम केवळ बोलणाऱ्याची रीतभात दाखवते, तर ऐकणाऱ्याला हवी असलेली माहिती बहुतेक वेळा क्रियापदात असते. ‘शौच’ म्हटले काय किंवा ‘संडास’ म्हटले काय, रोग्याची अवस्था त्याने बदलत नाही. मात्र ‘लागली’, ‘झाली’, ‘होत नाही’ आणि ‘कळत नाही’ या चार क्रियारूपांनी चार वेगळ्या अवस्था सांगितल्या जातात. म्हणून नाम निवडताना ऐकणाऱ्याकडे पाहावे आणि क्रियापद निवडताना स्वतःच्या पोटाकडे पाहावे, हा या लेखातील सल्ल्याचा गाभा आहे.

आधी नामांचा विचार करू. ‘शौच’ हा संस्कृत शब्द ‘शुचि’ म्हणजे शुद्ध यावरून आला असून योगशास्त्रातील पाच नियमांपैकी पहिला नियम त्याच नावाचा आहे. मूळ अर्थ शुद्धी असा असताना पुढे शुद्धी ज्या क्रियेनंतर करावी लागते त्या क्रियेलाच तो शब्द चिकटला. लेखी मराठीत, सूचनाफलकावर आणि अपरिचित वडीलधाऱ्यांशी बोलताना तो निर्धोक आहे, पण घरात आजारी माणसाला ‘शौचास झाले का’ असे विचारले, तर विचारणारा सरकारी नोकर वाटतो. ‘लघुशंका’ व ‘दीर्घशंका’ हे शब्दही याच पठडीतले आहेत. त्यांतील ‘शंका’ म्हणजे संशय नसून देहधर्माची जाणीव होय. हे शब्द आता प्रवासात किंवा समारंभात थोड्या विनोदाने वापरले जातात आणि तेवढ्यापुरतेच ते शोभतात. ‘उत्सर्जन’ हा पाठ्यपुस्तकातील शब्द मात्र येथे जपून वापरावा, कारण जीवशास्त्रात त्याचा नेमका अर्थ पेशींच्या कार्यातून निर्माण झालेले टाकाऊ पदार्थ बाहेर टाकणे, म्हणजे मुख्यतः मूत्रपिंडाचे काम, असा आहे. न पचलेले अन्न पेशींत कधी शिरलेलेच नसल्याने ते बाहेर पडण्याला ‘मलविसर्जन’ म्हणणे अधिक बरोबर ठरते.

निपाणीच्या आसपासच्या खेड्यांत आणि कोल्हापूरकडील भागात वयस्कर माणसांच्या तोंडी सर्वाधिक आढळणारा शब्द ‘परसाकडे’, बोलीत ‘परसाकडं’, हा आहे. परसू म्हणजे घराच्या मागची मोकळी जागा, आणि परसाकडे जाणे म्हणजे त्या दिशेने जाणे. येथे क्रियेचे नाव न घेता केवळ दिशा सांगितली जाते. शहरात वाढलेल्यांना हा शब्द गावंढळ वाटतो, तो तसा मुळीच नाही. क्रियेचा नामोल्लेख टाळणारा, स्त्रीपुरुष दोघांनीही वापरलेला आणि शिवीची छटा नसलेला असा घरगुती शब्द मराठीत दुसरा क्वचितच सापडेल. घरातील आजी आजारी असताना ‘आज्जी, परसाकडं झालं काय?’ हे वाक्य तिला जितके सहज उत्तर देऊ देते, तितके ‘टॉयलेट झाली का’ हे देत नाही. ‘बहिर्दिशेला जाणे’ हा प्रयोग मराठीत आता जुन्या पुस्तकांपुरता उरला असला, तरी त्याचे कन्नड भावंड ‘बहिर्देसे’ सरकारी कन्नडमध्ये आजही नांदते आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

‘संडास’ हा सीमाभागातील सर्वांत चालता शब्द, आणि उत्तर कर्नाटकातील कन्नड बोलणाऱ्यांनाही तो समजतो. अडचण इतकीच, की तो जागेलाही लागू होतो आणि मळालाही. मराठीने यावर स्वतःच एक उपाय काढलेला दिसतो, तो लिंगभेदाचा : बहुतेकांच्या बोलण्यात जागा पुल्लिंगी राहते, ‘संडास बांधला’, ‘संडास तुंबला’, आणि मळ किंवा क्रिया स्त्रीलिंगी होते, ‘संडास लागली’, ‘संडास पातळ झाली’. व्याकरणाच्या पुस्तकाने हा भेद मान्य करो वा न करो, तो पाळावा, आणि जेथे लिंग दिसत नाही तेथे वाक्याची रचना बदलावी, कारण ‘संडासात रक्त होते’ या वाक्यावरून रक्त कोठून आले हे कळत नाही आणि ‘संडासवाटे रक्त पडले’ या वाक्यावरून ते लगेच कळते. प्रयोगशाळेत द्यावयाच्या डबीवर ‘संडासचा नमुना’ किंवा ‘शौचाचा नमुना’ असे लिहिले, तरी दोन्ही चालतात.

‘हगणे’, ‘मुतणे’ आणि ‘गू’ हे शब्द जुने व नेमके असले, तरी चारचौघांत असभ्य मानले जातात, आणि ते तसे मानले जातात हे ध्यानात ठेवूनच वागावे. गमतीची गोष्ट अशी, की यांतल्या क्रियापदांपासून बनलेली नामे मात्र कोठेही खपतात. ‘हगवण’ हा शब्द वैद्यापासून शिक्षिकेपर्यंत कोणीही निःसंकोच उच्चारतो. ‘मुतखडा’ झाल्याचे लोक लग्नाच्या पंक्तीतही सांगतात. ‘मुतारी’ ही पाटी बसस्थानकावर रंगवलेली असते. ‘हागणदारी’ या शब्दाला तर महाराष्ट्र शासनानेच प्रतिष्ठा दिली : २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून पुढच्या काळात ‘हागणदारीमुक्त गाव’ ही अधिकृत संज्ञा रूढ झाली आणि गावाच्या वेशीवर तिचे अभिनंदनाचे फलक लागले. म्हणींचाही असाच अपवाद आहे. ‘हगणाऱ्याला नाही, पण बघणाऱ्याला लाज’ किंवा ‘पादा पण नांदा’ या म्हणी बोलताना कोणी कानावर हात ठेवत नाही, कारण म्हणीतील शब्दाची जबाबदारी बोलणाऱ्यावर नसते. क्रियापद मात्र स्वतःविषयी किंवा समोरच्याविषयी थेट वापरले, की ते अंगावर येते. म्हणून ‘हगणे’ हे क्रियापद जिवलग मंडळींच्या थट्टेपुरते ठेवणे शहाणपणाचे.

आता क्रियापदे. ‘लागणे’ म्हणजे वेग जाणवणे. वेग ही आयुर्वेदाची संज्ञा असून चरकसंहितेत दाबून ठेवू नयेत असे १३ वेग सांगितले आहेत, त्यांत मूत्र व पुरीष म्हणजे मळ यांचा उल्लेख प्रारंभीच येतो. ‘त्याला लागली आहे’ या वाक्यात नाम गाळले, तरी मराठी ऐकणाऱ्याला अर्थ पुरता कळतो, आणि पाहुण्यांसमोर हेच सर्वांत सोयीचे वाक्य ठरते. ‘जाणे’ हालचाल सांगते, ‘होणे’ परिणाम सांगते. ‘दोनदा गेलो’ आणि ‘दोनदा झाली’ या दोन वाक्यांत जो फरक आहे तो बद्धकोष्ठाच्या रोग्याला चांगला ठाऊक असतो : तो चारदा जातो आणि एकदाही होत नाही. बद्धकोष्ठ म्हणजे मळ कोरडा व कडक होऊन सहज बाहेर न पडणे. अशा वेळी ‘कुंथावे लागते’, ‘खडा होतो’, ‘साफ होत नाही’ ही वाक्ये बोलावीत. ‘सुटणे’ हे क्रियापद आवरता न येण्याचे आहे, आणि ‘कळत नाही, कपड्यातच होते’ हे वाक्य मळावरील ताबा गेल्याचे सांगते, जे वृद्धांच्या बाबतीत घरच्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे, कारण वृद्ध माणूस ते स्वतः सांगत नाही.

‘जुलाब’ या शब्दाचा निर्णय तर सर्वस्वी क्रियापदावर अवलंबून आहे. ‘जुलाब झाले’ किंवा ‘जुलाब लागले’ म्हणजे आजार, आणि ‘जुलाब दिला’ किंवा ‘जुलाब घेतला’ म्हणजे पोट साफ करण्याचे औषध. ‘ढाळ’ या शब्दाचेही तसेच आहे. फोनवरून मुलाला ‘बाबांना कालपासून जुलाब आहे’ एवढेच कळवले, तर औषध चालू आहे की आजार, हे त्याने काय समजावे?

सर्वांत जास्त घोटाळा ‘बाहेर’ या शब्दाने होतो. सीमाभागातील मराठीत ‘बाहेर जाणे’ म्हणजे मलविसर्जनास जाणे, ‘बाहेर बसणे’ किंवा ‘बाहेरची असणे’ म्हणजे मासिक पाळी येणे, आणि ‘बाहेरचे लागले’ म्हणजे भूतबाधा. कन्नडमध्येही जवळजवळ हेच जाळे आहे : ‘होरकडे’ जाणे म्हणजे मलविसर्जनास जाणे, आणि ‘होरगे आगु’ म्हणजे पाळी येणे. त्यामुळे एखाद्या तरुण मुलीची आई संकोचाने ‘हिला चार दिवस बाहेरचं नीट नाही’ असे म्हणाली, तर परिचारिका मराठी असो की कन्नड, तिने पाळी समजावे की पोट, हे ठरत नाही, आणि तपासणीची दिशा तेथेच बदलू शकते. दवाखान्याच्या उंबऱ्याच्या आत ‘बाहेर’ हा शब्द वापरूच नये. ‘संडास साफ होत नाही’ किंवा ‘पाळी चुकली आहे’ असे उघड बोलावे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, आणि डॉक्टरांनी हे शब्द दिवसातून कितीतरी वेळा ऐकलेले असतात.

त्याच जातीचा दुसरा सापळा ‘मोशन’ हा आहे. रुग्णालयात सकाळच्या फेरीला येणारी परिचारिका ‘मोशन झालं का?’ असे विचारते, तेव्हा तिला केवळ पोट साफ झाले का, हे हवे असते. परंतु घरगुती बोलण्यात ‘मोशन लागले’ म्हणजे पातळ जुलाब लागणे असा अर्थ रुळला आहे. समजा, निपाणीजवळच्या एखाद्या खेड्यातील आज्जी दोन दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया होऊन खाटेवर पडल्या आहेत. ‘मोशन झालं काय आज्जी?’ या प्रश्नावर त्या ‘नाही बाई, तसलं काय नाही’ असे समाधानाने सांगतात, कारण जुलाब लागले नाहीत असे त्यांना म्हणायचे असते. सकाळी परसाकडे व्यवस्थित झालेले असते. नोंदीत मात्र ‘झाले नाही’ असे लिहिले जाते आणि दुपारी रेचक म्हणजे मळ सैल करणारे औषध दिले जाते. सोबत बसणाऱ्या नातेवाइकाने अशा वेळी प्रश्न ऐकून तो आज्जींच्या शब्दांत पुन्हा विचारावा आणि उत्तर क्रियापदासह सांगावे : ‘आज सकाळी एकदा झाली, साफ झाली, त्रास नाही.’ पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘गॅस पास झाला का’ असेही विचारले जाते, त्याचा अर्थ वारा सरला का. आतडी पुन्हा हालू लागल्याची ती खूण असल्याने हा प्रश्न थट्टेवारी नेऊ नये, आणि ‘वारा सरला’ हे वाक्य सभ्यही आहे आणि पुरेसेही.

डॉक्टरांपुढे बोलताना किती वेळा, कशी, कोणत्या रंगाची आणि सोबत काय, एवढे सांगितले, की बहुतेक काम होते. ‘सारखे जावे लागते’ यापेक्षा ‘कालपासून सहा वेळा झाली’ हे वाक्य उपयोगी, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार दिवसभरात तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच झाले तर त्याला अतिसार म्हणतात, आणि ज्याची सवयच दिवसातून तीनदा बांधून होण्याची आहे, त्याला आजार नसतो. ‘कशी’ या प्रश्नासाठी वैद्यकशास्त्रात ब्रिस्टल येथील संशोधकांनी तयार करून १९९७ साली प्रसिद्ध केलेली सात प्रकारांची चित्रमय पट्टी वापरली जाते. तिच्यातला पहिला प्रकार सुट्या कडक गोळ्यांचा आणि सातवा निव्वळ पाण्याचा. खेड्यातील माणसाला ही पट्टी पाहण्याची गरज नाही, कारण ‘लेंडीसारखी’, ‘बांधून’, ‘सैल’, ‘पातळ’ आणि ‘नुसते पाणी’ या शब्दांत तीच श्रेणी त्याच्या भाषेत आधीपासून आहे. रंगाच्या बाबतीत मात्र गोलमाल करू नये. डांबरासारखी काळी व चिकट संडास जठरातील किंवा आतड्याच्या वरच्या भागातील रक्तस्रावाची खूण असू शकते, म्हणून ती त्वरित सांगावी, आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर तेही त्याच वाक्यात सांगावे, कारण त्यांनीही रंग काळा पडतो. लाल रक्त शौचात मिसळून येते की नंतर थेंबथेंब पडते, हा भेद मूळव्याधीच्या निदानाला उपयोगी पडतो. चिकट, शेंबडासारख्या पदार्थाला ‘आव’ आणि पोट पिळवटून येणाऱ्या कळेला ‘मुरडा’ हे शब्द या भागात सर्वांना ठाऊक आहेत. ते वापरावेत, त्यांच्याऐवजी अर्धवट ऐकलेले इंग्रजी शब्द वापरण्याने काही साधत नाही. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी भराभर जाऊ लागले, तर ते पटकीचे म्हणजे कॉलऱ्याचे लक्षण मानून क्षणाचाही वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

लहान मुलाच्या जुलाबात आणखी एक वाक्य जोडावे, ते लघवीविषयी : ‘शेवटची लघवी अमुक वाजता झाली.’ अंगातील पाणी किती कमी झाले आहे, याचा अंदाज त्यावरून येतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत जलसंजीवनी, म्हणजे साखर व मीठ यांचे योग्य प्रमाणातील पाणी, घोट घोट पाजत राहावे. तयार पुडी नसेल, तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण आहे.

मुलांच्या शब्दांकडे मोठ्यांचे फारसे लक्ष नसते. घरात ‘शी’ आणि ‘शू’, मराठी शाळेत ‘एकीला जाऊ का’ व ‘दोन नंबरला जाऊ का’, आणि कन्नड शाळेत ‘ओंदक्के’ म्हणजे एकसाठी व ‘एरडक्के’ म्हणजे दोनसाठी, असे हे संकेत आहेत. सीमाभागातील पुष्कळ मराठी मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकतात, तेव्हा त्यांना अक्षरांच्या आधी हे दोन शब्द शिकवलेले बरे, नाहीतर विचारायचे कसे हे न कळल्याने मूल दिवसभर दाबून बसते आणि त्यातून पुढे मलावरोधाची सवय लागते. बाईंना अवघडल्यासारखे होणार नाही आणि मुलालाही संकोच वाटणार नाही असे एक वाक्य तिन्ही माध्यमांत चालते : ‘बाई, जाऊन येऊ?’ कन्नडमध्ये ‘होगि बरला?’ तंबाखूच्या वखारीत किंवा विडीच्या कामावर बसणाऱ्या स्त्रियांनाही हेच वाक्य उपयोगी आहे. ‘जाऊन येते’ म्हणून उठावे. कोठे, कशासाठी याचा खुलासा मागण्याचा मुकादमाला अधिकार नाही आणि तो देण्याचे स्त्रीवर बंधनही नाही. दाबून ठेवणे व त्यासाठी पाणीच कमी पिणे या सवयीने मूत्रमार्गाचे विकार वाढतात, हे डॉक्टर वारंवार सांगतात.

कन्नडच्या बाबतीत थोडीशी तयारी पुरते. पाटीवरचा ‘शौचालय’ हा शब्द कन्नड लिपीत असला, तरी उच्चार तोच आहे, ‘मूत्रालय’ही तसाच. दारावर मात्र ‘पुरुषरु’ आणि ‘महिळेयरु’ किंवा ‘गंडसरु’ आणि ‘हेंगसरु’ असे लिहिलेले असते. प्रत्येक जोडीतला पहिला शब्द पुरुषांचा, दुसरा स्त्रियांचा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला जाणाऱ्या मराठी भक्तांनी ही चार अक्षरचित्रे आधी पाहून ठेवली, तर गर्दीत धांदल होत नाही. भिंतीवरील ‘इल्लि मूत्र विसर्जने माडबारदु’ ही सूचना म्हणजे ‘येथे लघवी करू नये’. दवाखान्यात ‘वांतिभेदि’ म्हणजे उलट्या-जुलाब, ‘मलबद्धते’ म्हणजे बद्धकोष्ठ आणि ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोटदुखी, इतके ठाऊक असले, की अर्धे संभाषण समजते, कारण रक्त, मल व मूत्र हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत. उत्तर कर्नाटकातील परिचारिका पुष्कळदा ‘संडास आतेनु?’ म्हणजे ‘संडास झाली का?’ असेच विचारते. जुन्या कन्नडभाषकांच्या तोंडी ‘कक्कसु’ हा शौचालयासाठीचा शब्द ऐकू येतो. तो डच भाषेतून दक्षिणेत आला असे मानले जाते. एक शब्द मात्र जपावा. मराठीत बोलण्याच्या लकबीला ‘हेल’ म्हणतात, आणि कन्नडमध्ये ‘हेलु’ हा मळासाठीचा असभ्य शब्द आहे. कन्नड शेजाऱ्याला कौतुकाने ‘तुमच्या बोलण्याला छान हेल आहे’ असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

उलट दिशेनेही ही तयारी हवी. बेळगावचा मराठी माणूस ‘पोट दुखूलालंय’ म्हणतो, निपाणीकडचा ‘पोट दुखालंय’ म्हणतो, आणि प्रमाण मराठी शिकून आलेल्या नव्या डॉक्टरांना दोन्ही प्रथम कळत नाहीत. डॉक्टरांनी या रूपांची सवय करून घ्यावी, हे रोग्याने आपली बोली सोडण्यापेक्षा सोपे आहे.

जनावरांच्या संदर्भात मराठीची काटेकोर व्यवस्था तयार आहे आणि ती बिघडवू नये. गाय, म्हैस व बैल यांचे शेण, शेळी-मेंढीची लेंडी, घोड्याची लीद, पक्ष्यांची शीट. गाय ‘शेण टाकते’, कावळा ‘शिटतो’. पशुवैद्याला ‘म्हशीला संडास लागली’ असे सांगणारे नवे गोपालक आढळतात. ‘म्हैस पातळ शेण टाकते’ हे वाक्य अधिक स्वच्छ आहे आणि जुन्या शेतकऱ्यांचेही आहे. माणसाच्या मळापासून केलेल्या खताला मराठीने ‘सोनखत’ म्हटले आहे, ही शेतकऱ्याची दृष्टी.

सार्वजनिक स्वच्छतेविषयी लिहिताना शब्दांचा आणखी एक थर लागतो. गटारात वाहते ते ‘सांडपाणी’, शौचालयातून येतो तो ‘मैला’, आणि कन्नड अर्जात भुयारी गटाराला ‘ओळचरंडि’ म्हणतात, ज्याला बेळगावात मराठी माणसेही ‘यूजीडी’ या आद्याक्षरांनीच ओळखतात. महाराष्ट्रातील ‘हागणदारीमुक्त’ ही संज्ञा कर्नाटकातील कागदात वापरून उपयोग नाही. तेथे ‘बयलु बहिर्देसे मुक्त’ किंवा ‘बयलु शौच मुक्त’ असे लिहिले जाते, बयलु म्हणजे उघडे माळरान. तक्रारीचा अर्ज लिहिताना ‘घाण झाली आहे’ हे वाक्य टाळावे, कारण घाण म्हणजे कचराही असतो आणि चिखलही. ‘सार्वजनिक शौचालयाची मैलाटाकी भरून मैला रस्त्यावर वाहत आहे’ असे लिहिले, म्हणजे कोणत्या खात्याने कोणते वाहन पाठवायचे, हे वाचणाऱ्याला ठरवता येते.

याच ठिकाणी एक निर्बंध सांगणे आवश्यक आहे, आणि तो सभ्यतेच्या पलीकडचा आहे. पूर्वी शहरांत टोपलीचे संडास असत, म्हणजे खालच्या टोपलीत साठलेला मैला माणसाने हाताने उचलून डोक्यावरून वाहून न्यावयाचा, आणि हे काम जन्माने ठरवलेल्या जातींच्या माथी मारलेले होते. या प्रथेला आळा घालणारा केंद्रीय कायदा १९९३ साली झाला आणि अधिक व्यापक कायदा २०१३ साली आला. त्या कामाशी जोडलेली जातिनामे आजही काही घरांत अस्वच्छ मुलाला रागावताना सहज उच्चारली जातात. ती उच्चारू नयेत, आणि काम करणाऱ्याला ‘सफाई कामगार’ म्हणावे व बोलताना ‘अहो-जाहो’ करावे. मळाचा शब्द उच्चारल्याने जीभ विटाळते असे मानणाऱ्या माणसाला जातीची शिवी देताना तो विटाळ जाणवत नाही, हे आपल्या भाषिक सभ्यतेचे सर्वांत मोठे व्यंग आहे.

घरात एकटे राहणारे किंवा केवळ मराठी बोलणारे वृद्ध असतील, तर त्यांच्या औषधांच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर देवनागरीत दोन्ही भाषांची छोटी वाक्ये लिहावीत : ‘संडास झाली नाही – संडास आगिल्ल’, ‘जुलाब होत आहेत – भेदि आगताइदे’, ‘रक्त पडते – रक्त होगताइदे’, ‘लघवी होत नाही – मूत्र आगताइल्ल’. वृद्धाने बोट ठेवावे आणि परिचारिकेने वाचून घ्यावे. परिचारिकेला देवनागरी येत नसेल, तर सोबतच्या कोणीही ते मोठ्याने वाचले तरी भागते. चिठ्ठीच्या तळाशी, नात्यातल्या किंवा शेजारच्या ज्या माणसाला कन्नड चांगले बोलता येते, त्याचा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.